वकील संघाच्या ग्रंथालयात छापील लॉ जर्नलकडून ऑनलाइन डेटाबेसकडे : कोणते काम आधी, कोणते नंतर

जिल्हा आणि तालुका वकील संघांच्या ग्रंथालयांत एक चुकीचा क्रम पुनःपुन्हा दिसतो. कार्यकारिणी आधी ऑनलाइन डेटाबेसची वर्गणी भरते, मग दोन-दोन खर्च कशाला म्हणून छापील जर्नल (न्यायालयीन निर्णयांचे संपादित खंड) बंद करते, त्यानंतर जागा मोकळी करण्यासाठी जुने खंड रद्दीत घालते, आणि कपाटात नेमके काय होते याची मोजणी सर्वांत शेवटी होते किंवा होतच नाही. पुढच्या वर्षी वर्गणीची रक्कम वाढून आली की संघाजवळ खंडही उरत नाहीत आणि प्रवेशही उरत नाही.

छापील खंडाचे पैसे एकदा दिले की तो खंड संघाच्या मालकीचा होतो. ऑनलाइन वर्गणीत मिळतो तो ठरावीक मुदतीपुरता प्रवेश. पुढचे टप्पे या फरकावर बेतलेले आहेत. संपूर्ण कामाला एक आर्थिक वर्ष द्यावे. ग्रंथपाल, संघाचे सचिव, दिवाणी आणि फौजदारी बाजूचे प्रत्येकी एक ज्येष्ठ वकील आणि रोज ग्रंथालयात बसणारे दोन कनिष्ठ वकील अशी छोटी समिती पुरेशी आहे. कनिष्ठांना वगळू नये, कारण कपाटातून खंड काढण्याचे काम बहुतेक तेच करतात.

टप्पा १ : कपाटात काय आहे ते मोजा

हे काम न्यायालयाच्या उन्हाळी सुटीत करावे. दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकवार नोंद असलेली वही, समोर ठेवून कपाटांची पडताळणी करावी. नोंदवहीवरून यादी उतरवून काढणे म्हणजे मोजणी नव्हे. प्रत्येक जर्नलसाठी एक ओळ करावी आणि तीत नाव, पहिले वर्ष, शेवटचे वर्ष, मधले गहाळ खंड, बांधणीची अवस्था आणि दुबार प्रती एवढे रकाने ठेवावेत.

गहाळ खंडांचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘एआयआर, १९५० पासून आजपर्यंत’ अशी ऑल इंडिया रिपोर्टर या जर्नलची नोंद समितीला दिलासा देते, पण त्यातला १९८४ चा सर्वोच्च न्यायालयाचा खंड कोणी तरी नेऊन परत केलेला नसेल तर त्या वर्षापुरता संच निरुपयोगी असतो. दुबार प्रतींचीही वेगळी नोंद हवी, कारण पुढे काही काढून टाकायचे झालेच तर सुरुवात तेथूनच व्हावी.

१९५० पूर्वीचे खंड असतील तर त्यांची यादी स्वतंत्र करावी. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासूनची आहे आणि बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासूनचा. जुन्या संघांकडे यांचे सुटे खंड असतात आणि ते बहुधा सर्वांत वरच्या फळीवर, धुळीत, विस्मरणात पडलेले असतात. इनामी जमिनी, देवस्थाने, दत्तक आणि जुन्या वाटण्या यांच्या वादात प्रिव्ही कौन्सिलचे (ब्रिटिश काळातील अंतिम अपील न्यायालयाचे) आणि त्या काळच्या उच्च न्यायालयाचे निर्णय आजही लागतात.

*तपासून घ्या :* यादीतील कोणत्याही दहा ओळी निवडून दुसऱ्या व्यक्तीने प्रत्यक्ष कपाटाशी जुळवून पाहाव्यात. दोनपेक्षा अधिक ओळी चुकल्या तर मोजणी पुन्हा करावी.

टप्पा २ : वापराची नोंद ठेवा

‘आता पुस्तके कोण वाचतो?’ या प्रश्नाचे उत्तर मतांवर काढू नये. न्यायालय पूर्ण वेळ चालू असलेल्या काळात, म्हणजे उन्हाळी किंवा दिवाळीची सुटी वगळून, सलग चार आठवडे साधी नोंद ठेवावी. वाचून झालेले खंड सभासदांनी परत कपाटात न लावता टेबलावरच ठेवावेत अशी सूचना लावावी, आणि ग्रंथपालाने दिवसातून दोनदा, न्यायालय सुरू होण्यापूर्वीची गर्दी ओसरल्यावर आणि मधल्या सुटीनंतर, टेबलावरच्या खंडांची नावे व वर्षे लिहून मग ते जागेवर लावावेत. देवघेव नोंदवहीत फक्त बाहेर गेलेली पुस्तके दिसतात, तर जर्नलचा वापर बहुतांशी जागेवर बसूनच होतो. म्हणूनच या पद्धतीची गरज आहे.

त्याच चार आठवड्यांत न मिळालेल्या गोष्टींची वहीही ठेवावी. कोणी कोणता निर्णय मागितला आणि तो ग्रंथालयात नव्हता, हे तारखेसह लिहावे. नवी वर्गणी कशासाठी घ्यायची हे या वहीवरूनच ठरते.

टप्पा ३ : विनामूल्य काय मिळते ते आधी ओळखा

पैसे देऊन घेतलेल्या डेटाबेसमधील मोठा भाग आज अधिकृत स्रोतांवर विनामूल्य आहे, आणि हे माहीत नसल्यामुळे अनेक संघ गरजेपेक्षा मोठे पॅकेज घेतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर, म्हणजे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स (एससीआर) या आपल्या अधिकृत निर्णयसंग्रहाची ऑनलाइन आवृत्ती, सुरू केले आणि जानेवारी २०२४ मध्ये डिजिटल एससीआर खुले केले. सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्सचे १९५० पासूनचे सर्व ५१९ खंड, म्हणजे ३६,३०८ प्रकरणे, तेव्हाच तेथे उपलब्ध झाली. त्यांत अधिकृत हेडनोट (निर्णयाच्या सुरुवातीचा सारांश) असते, आणि निवडक निर्णयांचे मराठी भाषांतरही मिळते. मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश व निर्णय न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणि ई-कोर्ट्सच्या निर्णय-शोधावर आहेत. केंद्रीय अधिनियमांची संहिता इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून न्यूट्रल सायटेशन, म्हणजे निर्णय ओळखण्यासाठी न्यायालयानेच दिलेला संदर्भ, वापरात आणले. वर्ष, ‘आयएनएससी’ ही अक्षरे आणि अनुक्रमांक अशी त्याची रचना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यूट्रल सायटेशनमध्ये ‘बीएचसी’नंतर अपील शाखा, मूळ शाखा, नागपूर किंवा औरंगाबाद खंडपीठ यांची खूण येते. हे सायटेशन कोणत्याही खासगी प्रकाशकाच्या पानांकांवर अवलंबून नसल्यामुळे, संघाच्या सर्व याद्यांमध्ये त्यासाठी आतापासूनच एक रकाना ठेवावा.

विनामूल्य स्रोतांच्या मर्यादाही नोंदवून ठेवाव्यात. एखादा निर्णय पुढे कायम राहिला, वेगळ्या वस्तुस्थितीमुळे गैरलागू मानला गेला की फिरवला गेला, हे तेथे एका जागी सहजासहजी दिसत नाही. एकाच निर्णयाची चार जर्नलमधली सायटेशन परस्परांशी जोडलेली नसतात. विषयवार डायजेस्ट (निर्णयांचे सारसंग्रह) आणि भाष्यग्रंथ तर नसतातच. सशुल्क डेटाबेसला द्यायचे पैसे खरे तर एवढ्याच गोष्टींसाठी असतात.

टप्पा ४ : विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या प्रश्नांवर चाचणी घ्या

दोन किंवा तीन कंपन्यांकडून किमान पंधरा दिवसांची विनामूल्य चाचणी मागावी. प्रतिनिधी येऊन मोठ्या पडद्यावर दाखवतो ते प्रश्न त्याने आधीच निवडलेले असतात, त्यामुळे ती चाचणी धरू नये. न मिळालेल्या गोष्टींच्या वहीतून दहा प्रश्न काढून तेच दहा प्रश्न प्रत्येक डेटाबेसवर, शक्यतो त्याच व्यक्तीने, विचारावेत.

त्यात एक प्रश्न फिरवलेल्या निर्णयाचा असावाच. वारसा हक्काच्या दाव्यांत रोज लागणारे उदाहरण घेऊ. हिंदू वारसा अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील हिस्सेदार) म्हणून हक्क मिळण्यासाठी वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलावती या प्रकरणात म्हटले होते. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत फिरवले आणि हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी त्या तारखेस वडील हयात असण्याची गरज नाही, असे ठरवले. चाचणीत ‘फुलावती’ शोधावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात : निर्णय फिरवला गेल्याची खूण निकालाच्या यादीतच दिसते की आत जाऊन शेवटपर्यंत वाचल्यावर कळते, त्या खुणेवरून विनीता शर्मा निर्णयाच्या नेमक्या परिच्छेदाकडे जाता येते का, आणि दरम्यानच्या काळात फुलावतीवर विसंबून दिलेल्या उच्च न्यायालयाच्या निर्णयांवर काही इशारा आहे का. तिसऱ्या बाबतीत डेटाबेस-डेटाबेसमधला फरक सर्वांत ठळकपणे लक्षात येतो.

दुसरा प्रश्न सायटेशनच्या रूपांतराचा असावा. एआयआरचे सायटेशन टाकून एससीसीचे (सुप्रीम कोर्ट केसेस या जर्नलचे) आणि महाराष्ट्र लॉ जर्नलचे मिळते का, हे पाहावे. जुन्या दाव्यांतील लेखी युक्तिवादात एआयआरच असते आणि समोरचा पक्ष एससीसीवरून वाचतो, तेव्हा ही सोय नसेल तर सगळा वेळ शोधण्यातच जातो.

*सावधान :* आता बहुतेक कंपन्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सारांश किंवा प्रश्नोत्तर-सुविधा देऊ करतात. अशी साधने अस्तित्वात नसलेले निर्णय खऱ्यासारखे रचून देऊ शकतात. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये माता विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात असे बनावट निर्णय दाखल करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. चाचणीत साधनाने दिलेला प्रत्येक निर्णय मूळ पाठावर उघडतो का आणि उद्धृत वाक्य त्या परिच्छेदात खरोखर आहे का, हे तपासावे. जी सुविधा मूळ परिच्छेदापर्यंत नेत नाही, तिच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

टप्पा ५ : करार सही करण्यापूर्वी वाचा

इतरांचे करार वाचणारी माणसे संघाचा स्वतःचा करार न वाचताच सही करतात, हे दुर्दैवाने वारंवार घडते. दरपत्रक म्हणजे करार नव्हे. अटींचा पूर्ण मजकूर मागून घ्यावा आणि पुढील मुद्द्यांवर लेखी उत्तर घ्यावे.

वापर कोणी करायचा? ‘संघाचे सभासद’ असे म्हटले असेल तर नवे सभासद वर्षाच्या मध्ये आपोआप धरले जातात का, आणि ग्रंथालयात येणारे विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी चालतात का, हे स्पष्ट हवे.

एका वेळी किती जण? दोनशे सभासदांच्या संघाला एका वेळी दोन वापरकर्त्यांची परवानगी कागदावर स्वस्त दिसते. सकाळी न्यायालय सुरू होण्यापूर्वीच्या तासाभरात ती अपुरी पडते आणि उरलेला दिवस ती रिकामी असते. दुसऱ्या टप्प्यातील नोंदींवरून गर्दीच्या वेळेचा आकडा काढून त्यावरच संख्या ठरवावी.

प्रवेश कशावरून? ग्रंथालयाच्या इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून प्रवेश असेल तर जोडणीचा पत्ता स्थिर असावा लागतो. साध्या ब्रॉडबँड जोडणीत तो बदलत राहतो आणि मग एखाद्या दिवशी अचानक कोणालाच काही उघडत नाही. वापरकर्ता-नाव आणि पासवर्डवरून प्रवेश असेल तर खाते संघाच्या ईमेलवर आणि संघाच्या नावाने घेतलेल्या सिमकार्डवर उघडावे. पदाधिकाऱ्याच्या खासगी मोबाइलवर ते उघडले की निवडणुकीनंतर ओटीपी माजी सचिवांच्या फोनवर जात राहतो आणि ग्रंथपाल त्यांच्यामागे फोन करत बसतो.

मुदत संपल्यावर काय उरते? बहुतेक वेळा उत्तर ‘काहीही नाही’ असेच येते. ते गृहीत धरू नये, विचारावे. वर्गणीच्या काळात उतरवून घेतलेल्या, छापलेल्या प्रती ठेवता येतात का, त्या न्यायालयात दाखल करता येतात का आणि अशिलाला देता येतात का, हेही लिहून घ्यावे.

नूतनीकरणाचा दर कसा ठरणार? पहिल्या वर्षाची सवलत पुढे टिकत नाही. पुढील तीन वर्षांच्या दरवाढीची कमाल टक्केवारी करारात मागावी. आपोआप नूतनीकरणाचे कलम असेल तर ते काढून टाकावे, किंवा त्याआधी ६० दिवसांची लेखी सूचना बंधनकारक करावी.

कर धरला आहे का? छापील पुस्तके आणि जर्नल यांवर वस्तू व सेवा कर नाही. ऑनलाइन डेटाबेसच्या वर्गणीवर तो १८ टक्के आहे. दोन्हींची तुलना करताना कर वगळलेला आकडा समितीपुढे ठेवला तर निर्णय चुकीच्या पायावर होतो.

*तपासून घ्या :* या सहा प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या ईमेलवर किंवा लेटरहेडवर आली आहेत का? प्रतिनिधीने तोंडी दिलेले आश्वासन फाइलमध्ये लागत नाही.

टप्पा ६ : छापील काय चालू ठेवायचे, काय थांबवायचे

आता कुठे या प्रश्नाची वेळ येते. करार झाल्यावरही पहिले सहा महिने कोणतेही छापील जर्नल बंद करू नये. त्यानंतरही ‘सर्व चालू’ किंवा ‘सर्व बंद’ असा निर्णय नको. ज्या जर्नलचा मजकूर अधिकृत स्रोतावर कायम आणि विनामूल्य आहे, ते थांबवण्यात धोका कमी असतो. ज्याचा मजकूर केवळ एका खासगी डेटाबेसवर आहे, त्याची छापील वर्गणी शेवटी थांबवावी. प्रादेशिक जर्नल बहुधा या दुसऱ्या गटात येतात, आणि महसूल, भाडे नियंत्रण, कुळवहिवाट यांवरचे उच्च न्यायालयाचे निर्णय त्यांतच संपादित स्वरूपात सापडतात. म्हणून माझा कल राष्ट्रीय जर्नलपेक्षा राज्यातले जर्नल छापील ठेवण्याकडे आहे.

सर्वांत मोठी चूक सध्या फौजदारी कायद्यांच्या बाबतीत होते आहे. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले, म्हणून जुने भाष्यग्रंथ ‘कालबाह्य’ ठरवून निर्लेखनाच्या (नोंदवहीतून कमी करण्याच्या) यादीत घातले जातात. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागू राहते, आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास, खटले व अपिले नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ नुसार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच चालतात. सत्र न्यायालयांतील खटले आणि त्यांवरील अपिले संपायला अनेक वर्षे लागतात. तोपर्यंत जुनी भाष्ये नव्यांच्या शेजारी, त्याच फळीवर, हवीत. शक्य झाल्यास जुन्या-नव्या कलमांचा तक्ता फळीच्या कडेला लावावा.

काढून टाकायचेच असेल तर क्रम असा ठेवावा : आधी दुबार प्रती, मग जुन्या आवृत्तीचे बेअर ॲक्ट (भाष्याविना केवळ कायद्याचा पाठ), मग नव्या आवृत्तीने पूर्णपणे बदललेली करविषयक वार्षिक पुस्तके. मूळ जर्नलचे खंड यादीत शेवटी यावेत आणि १९५० पूर्वीचे खंड यादीत येऊच नयेत. निर्लेखनाला सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा आणि दाखल नोंदवहीत लाल शाईने ठराव क्रमांक लिहावा. रद्दीत देण्यापूर्वी शेजारच्या तालुका संघाला आणि विधी महाविद्यालयाला यादी पाठवावी.

*सावधान :* जागा वाचवण्यासाठी जुने खंड स्कॅन करून सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. निर्णयाचा मूळ पाठ पुन्हा प्रसिद्ध करायला स्वामित्व हक्क अधिनियमाची आडकाठी नाही. पण ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये जर्नलच्या हेडनोट आणि काही संपादकीय भरींवर प्रकाशकाचा हक्क मान्य केला आहे. अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची सवलत आहे, ती अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयासाठी आहे. केवळ सभासदांसाठी असलेल्या ग्रंथालयाने ती आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये.

टप्पा ७ : सूची युनिकोडमध्ये आणा

अनेक संघांची पुस्तकयादी जुन्या संगणकावर श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेली असते. ती फाँट बदलून वाचता येत नाही; परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावी लागते. परिवर्तनानंतर रफार, ‘ऱ्य’, ‘ज्ञ’, ‘श्र’ आणि ऱ्हस्व वेलांटी असलेली जोडाक्षरे हटकून तपासावीत. ‘कार्यवाही’ आणि ‘स्थावर मिळकत’ हे शब्द शोधून यादी नीट येते का पाहिले तरी बिघाड लगेच कळतो.

अधिनियमांची नावे हा दुसरा अडथळा. राज्याने २०१२ मध्ये अनेक जुन्या अधिनियमांच्या नावांत ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ घातले. त्यामुळे १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम एका पुस्तकावर ‘मुंबई’ या नावाने आणि दुसऱ्यावर ‘महाराष्ट्र’ या नावाने आहे. दोन्ही नावांवर नोंद हवी. शिवाय अधिनियमाचा क्रमांक आणि वर्ष, येथे १९४८ चा ६७, स्वतंत्र रकान्यात लिहावे. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही, म्हणून शोध त्यावरच टिकतो.

कोहा हे ग्रंथालयासाठीचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मध्यम संघालाही पुरते आणि त्याला परवाना-शुल्क नाही. देखभाल करणारा माणूस मात्र लागतो. तो मिळणार नसेल तर नीट राखलेली स्प्रेडशीट अर्धवट चालणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा चांगली. दाखल क्रमांक कोणत्याही परिस्थितीत नव्याने देऊ नयेत.

टप्पा ८ : यंत्रे आणि माणसे

दोन संगणक, एक चांगला प्रिंटर आणि तासभर चालेल असा यूपीएस एवढ्यावर सुरुवात करावी. प्रिंटिंगचा दर फलकावर लिहावा, नाहीतर पहिल्याच महिन्यात कागदाचा खर्च वादाचा विषय होतो.

प्रशिक्षण सभागृहात सामूहिक घेऊ नये. ज्येष्ठ वकील इतरांसमोर प्रश्न विचारत नाहीत. ग्रंथपालाने एका वेळी एकाच वकिलाला, त्याच्या त्या दिवशीच्या प्रकरणावर, पंधरा मिनिटे बसवावे. ‘आजच्या तुमच्या दाव्याला काय हवे आहे?’ एवढ्या प्रश्नाने सुरुवात केली की पुढचे शिकवावे लागत नाही.

टप्पा ९ : नूतनीकरणाच्या आधीचा आढावा

मुदत संपण्याच्या तीन महिने आधी कंपनीकडून महिनावार वापराचा अहवाल मागावा. त्यात लॉगिनची संख्या असते ती बाजूला ठेवावी. किती निर्णय पूर्ण उघडले गेले आणि किती वेळा ‘वापरकर्त्यांची मर्यादा पूर्ण’ असा नकार मिळाला, हे दोन आकडे पाहावेत. नकार जास्त आणि उघडलेले निर्णय कमी असतील तर वेळेची अडचण आहे, डेटाबेसची नव्हे. नकार नाहीत आणि वापरही नाही, तर लहान पॅकेज मागावे. न मिळालेल्या गोष्टींची वही या वर्षीही चालू ठेवली असेल तर त्यातील नोंदी घटल्या का, हे शेजारी मांडावे.

हा आढावा, कराराची प्रत, खात्याचा ईमेल व सिमकार्डाची माहिती आणि मुदतीची तारीख अशी एकच फाइल ग्रंथपालाकडे राहावी, आणि कार्यकारिणी बदलताना पदभाराच्या यादीत तिचा स्वतंत्र क्रमांक असावा. नूतनीकरण करायचे नसल्यास ती सूचना ६० दिवस आधी, ईमेलसोबत पोचपावतीच्या टपालानेही पाठवावी.